झांजा नसलेली तबकडी

वसंता, तुझ्या दुसऱ्या तबकडीबद्दल मला जे म्हणायचं होतं ते अजून पुरतं म्हणून झालेलं नाही. चार महिन्यांपूर्वी मी चारचौघांत जे बोललो ते घाईचं होतं आणि त्यातलं बरंचसं चूक होतं. ते दुरुस्त करायला वेळ आहे असं मी धरून चाललो होतो. कधीतरी तू दुकानात येशील, काउंटरच्या काचेवर बोटं वाजवशील, मी चहा सांगीन, आणि मग पहिल्या बाजूपासून एकेक गाणं घेऊन आपण भांडत बसू, असं माझ्या डोक्यात होतं. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. आता हे मला एकट्यालाच करायचं आहे.

नाक्यावर लोक अजून तुझं नाव काढतात. समोरचा पानवाला परवा म्हणाला, तो पूर्णा गावचा बँडवाला गेला ना, वाईट झालं. त्याला वाटतं तू वरातीत वाजवायचास. टिन रूफ नावाचा एक बँड या भिवंडीत होता, इंग्रजी ढंगाच्या बाजावर हिंदी-मराठी गाणी म्हणायचा, त्याच्या दोन तबकड्या निघाल्या आणि त्या ना रेडिओवर लागल्या ना दुकानाच्या काचेत दिसल्या, हातोहात फिरल्या, हे कुणाकुणाला सांगत बसू? ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी तू सायकलवरून जाणारा एक पॉवरलूम कामगार होतास.

माझ्यासाठी तू कोण होतास ते सांगायचं तर त्या पहिल्या संध्याकाळपासून सांगावं लागेल. धामणकर नाक्यावर मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं. एका गिऱ्हाइकाचा सेट दुरुस्त करून शॉर्टवेव्हवर तपासत होतो, तर कुठलंसं परदेशी स्टेशन लागलं. गिटार आणि ड्रमचा नुसता धुमाकूळ. मी काटा फिरवणार तेवढ्यात बाहेरून कुणीतरी म्हणालं, "रहने दो, भाई." हातात डबा, केसांत कापसाची भुरभुर, डोळे मिटलेले. गाणं संपेपर्यंत तू तसाच उभा राहिलास. मग मला विचारलंस, ये क्या बजता है. मी मराठीत म्हटलं, मलाही माहीत नाही. तू हसलास आणि म्हणालास, मग आपण दोघंबी अडाणी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आलास, त्याच्या पुढच्या दिवशीही, आणि आठवडाभरात माझं नाव सुधाकर आहे हे विसरून तू मला 'रेडिओ' म्हणायला लागलास.

तेव्हा तू निजामपुऱ्यात तुझ्या दोस्ताच्या, रफीकच्या वडिलांच्या कारखान्यात लूम चालवायचास आणि लग्नसराईत गावोगावच्या हळदींना ताशा वाजवायचास. तुझा कान काय होता, हे मी त्या कारखान्यात पहिल्यांदा आलो तेव्हा पाहिलं. चोवीस लूम एकदम चालू होते. मला माझ्या शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, खुणा करून बोलावं लागत होतं. तू मधल्या गल्लीतून चालत होतास आणि मध्येच थांबून बोटाने एक लूम दाखवलास. लंगडतोय, असं ओठांनी म्हणालास. मिस्तरीने लूम बंद करून पाहिला, तर धोट्याला फटका देणारा दांडा सैल झालेला. चोवीस लूमच्या त्या कालव्यात एकाच लूमचा एकच ठोका केसभर मागे पडत होता आणि तो तुला ऐकू आला होता. मी रेडिओ मेकॅनिक. बिघाड कानाने ओळखणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुझ्यापुढे हात जोडले.

बँड उभा राहिला तो शुक्रवारचा. शुक्रवारी लूम बंद, सगळी निजामपुऱ्याची गल्ली एकदम चिडीचूप. रफीकच्या वडिलांनी मोठ्या मनाने शेडची किल्ली दिली. रफीककडे गिटार होती, कल्याणहून पीटर बेस गिटार घेऊन यायचा, आणि तू एका बंद पडलेल्या क्लबचा जुना ड्रमसेट कुठूनसा मिळवला होतास. मी अँप्लिफायर बनवला. जुन्या सेटमधले व्हॉल्व्ह, थिएटरातून काढून टाकलेला एक स्पीकर, आणि फळ्या ठोकून केलेलं खोकं. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली. तू खूश झालास. म्हणालास, अजून वाढव. मी वाढवला. शेडमध्ये जागा कमी, म्हणून ते खोकं आम्ही तुझ्या स्टुलाच्या बरोब्बर मागे ठेवलं, तुझ्या डोक्याच्या उंचीवर. साडेतीन वर्षं दर शुक्रवारी ते तिथेच होतं. हे आता मला रोज आठवतं.

पहिली तबकडी, 'दुपारची शिफ्ट', निघाली ती पीटरच्या आतेभावामुळे. तो मुंबईत एका स्टुडिओत कामाला होता आणि एका रविवारी त्याने आपल्याला आत घेतलं. आठ गाणी एका दिवसात. ती तबकडी मी किती वेळा ऐकली ते मला सांगता येणार नाही. पहिल्याच गाण्यात तू झांजेवर जो फटका मारून सुरुवात केली आहेस, तो ऐकला की अजूनही माझ्या मानेवर काटा येतो. काच फुटावी तसा आवाज, आणि त्याच्या मागून रफीकची गिटार. मी दुकानात ती मोठ्याने लावायचो. शिफ्ट सुटून जाणारे कामगार थांबायचे. त्यांना शब्द ऐकायचेच नसायचे, त्यांना तो ठोका ओळखीचा वाटायचा. एक म्हातारा विणकर मला म्हणाला होता, यह लड़का करघे पर बैठा हुआ है. कल्याण-ठाण्याहून कॉलेजची पोरं शुक्रवारी शेडमध्ये यायला लागली. बेलबॉटम घातलेली, लांब केसांची ती पोरं बंद लूमवर चढून बसायची. मला तेव्हा एवढा अभिमान वाटायचा की जणू वाजवणारा मीच आहे.

दुसरी तबकडी यायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात तुझं मंगलवहिनींशी लग्न झालं, मुलगी झाली. शुक्रवारच्या तालमी कमी झाल्या. मी विचारलं की तू म्हणायचास, चाललंय. नवीन गाणी मला ऐकवत नव्हतास. एकदम तबकडीच ऐक, असं तुझं म्हणणं. मी वाट पाहत होतो. आणि चाहता माणूस वाट पाहायला लागला की तो नव्याची नाही, जुन्याचीच वाट पाहत असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला तोच काच फुटल्यासारखा आवाज हवा होता, फक्त आणखी मोठा.

मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून तू ती आणलीस. 'खाडी'. वरच्या कागदावर नुसता राखाडी रंग. एरवी माझ्या दुकानात काही ऐकताना तू स्पीकरकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचास. त्या दिवशी स्टूल ओढून माझ्या समोर बसलास आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मला अवघडल्यासारखं झालं. मला वाटलं, स्तुती ऐकायला बसला आहे.

मी काय ऐकलं ते सांगतो. संथ, जड, खालच्या पट्टीतली गाणी. रफीकची गिटार जवळजवळ नाहीच, असली तरी मंद, जाड तारांवरची. पीटरचा बेस सगळीकडे पसरलेला, आणि त्याच्याखाली तुझा मोठा ड्रम. काठ्यांना तू फडकी गुंडाळली होतीस की काय कोण जाणे, ठोक्याला धारच नव्हती. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं सात मिनिटांचं, त्यात शब्द नाहीत, नुसता तुझा हुंकार. आणि झांज नव्हती. एकदाही नाही. मी मेकॅनिक आहे, मला पहिलं वाटलं माझ्याच पिनमध्ये दोष आहे. पिन बदलली, स्पीकर बदलला. झांज नव्हतीच.

तू विचारलंस, कसं वाटलं. मी म्हटलं, परत ऐकतो, मग सांगतो. तू मान हलवलीस आणि गेलास.

पुढच्या शुक्रवारी मी शेडमध्ये आलो. कॉलेजची सात-आठ पोरं होती, ती वाहवा करत होती, आणि त्या वाहवेनेच माझं डोकं फिरलं. त्यांना काय कळतं, असं मला वाटलं. मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "पहिल्या तबकडीत विस्तव होता, वसंता. ही नुसती राख आहे. झांजेपर्यंत हात उचलायचासुद्धा तुला कंटाळा आला. चार पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि तुला वाटलं आता काहीही खपेल."

रफीक उठला. म्हणाला, बस कर, सुधाकर. पीटर खाली मान घालून तारा पुसत राहिला. तू मात्र रागावला नाहीस. माझ्या ओठांकडे एकटक बघत होतास. मग हळूच म्हणालास, "बरं." आणि जरा थांबून, "तुला तर सगळं आयकू येतं ना, रेडिओ. मग माज्या वाटचं पन तूच आयक."

मला तो टोमणा वाटला. मी निघून गेलो.

त्यानंतर दोनदा मी तुला नाक्यावर पाहिलं. पहिल्यांदा तू सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होतास. मी दुकानाच्या पायरीवरून हाक मारली, पुन्हा मारली. तू वळलाही नाहीस. दुसऱ्यांदा तू अगदी समोर, टपरीपाशी पाठमोरा उभा होतास, दहा पावलांवर. मी म्हटलं, वसंता, राग सोड आता. तू चहाचा ग्लास ठेवलास आणि चालायला लागलास. टपरीवरचा माणूस माझ्याकडे बघून हसला. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की मोठा झालाय तो, आपल्याला ओळखत नाही. त्या दिवसापासून मी तुला हाक मारणं बंद केलं. वसंता, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुकीची निदानं केली असतील, पण असं कधी केलं नव्हतं.

आणि मग तो शुक्रवार. दुपारचे साडेतीन वाजले होते. मी एका ट्रान्झिस्टरची तार जोडत होतो. आग्रा रोडवर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला. लांब. मग पुन्हा एकदा, आणखी लांब. नाक्यावर दिवसभर हॉर्न वाजतात. मी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा वाजला तो मध्येच तुटला आणि ब्रेकचा आवाज आला, मग माणसांचा.

मी बाहेर धावलो तेव्हा कोणाचा अपघात झालाय ते मला माहीत नव्हतं. आधी सायकल दिसली. कॅरिअरला कापडी पिशवी होती, तिच्यातून ड्रमच्या दोन काठ्या बाहेर आलेल्या. मग तू दिसलास. डोळे उघडे होते. ड्रायव्हर, एक पंजाबी म्हातारा, रस्त्यात खाली बसला होता आणि जो भेटेल त्याला सांगत होता, "मैंने हॉर्न दिया था जी. तीन बार दिया. सबने सुना. वो हटा ही नहीं." लोक म्हणत होते, खरं आहे, आम्हीपण ऐकला. मीही ऐकला होता. टांग्यात घालून तुला दवाखान्यात नेताना तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन सारखी हाक मारत होतो. वसंता, मी रेडिओ. वसंता, मी आहे. तू माझ्याकडे बघितलंस की नाही ते मला नक्की सांगता येत नाही. दवाखान्याच्या आधीच तू गेलास. डॉक्टर आले तरी मी कानाशी बोलतच होतो, असं दवाखान्यात धावत आलेल्या रफीकने नंतर सांगितलं.

दहाव्याला खाडीवर आलो. सगळं उरकल्यावर मंगलवहिनी मला म्हणाल्या, भावजी, जरा थांबा. मुलगी कडेवर होती. मी त्यांना म्हणालो की आमचं बोलणं नव्हतं, वहिनी, चार महिने त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मी हाका मारल्या तरी. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"त्यांना आयकू येत न्हवतं, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमाला ठाव न्हाय?"

त्या सांगत गेल्या. पहिल्या तबकडीनंतर कानात शिट्टी वाजायला लागली होती. आधी बारीक आवाज गेले. पाखरांचा, सायकलच्या घंटीचा, मग बायकांच्या बोलण्याचा. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तू त्यांना सोबत घेऊन गेला होतास. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं तर लूम सोडा आणि तो बाजाही सोडा. तू दोन्ही सोडलं नाहीस. लूम सोडून घर कसं चालणार, हे त्यांना समजत होतं. बाजा का सोडत नाही, असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणालास, आयकू येतं तवर वाजवतो. मुलगी झाल्यावर तू तिला छातीवर घेऊन झोपायला लागलास, कारण ती रडली तर तुला आवाजाने कळायचं नाही, तिच्या अंगाच्या थरथरीने कळायचं.

"मी म्हनलं, रेडिओवाल्या भावजींना सांगा, ते कानाचं यंत्र बनवून देतील," वहिनी म्हणाल्या. "तर म्हनाले, त्याला न्हाय सांगायचं. त्याला कळलं की तो माजी गानी आयकायचा न्हाय. माजे कान तपासत बसंल."

रफीकला माहीत होतं. मी त्याच संध्याकाळी निजामपुऱ्यात गेलो आणि त्याला विचारलं. तो रडायला लागला. म्हणाला, कसम दी थी उसने. पीटरलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, वसंता, फक्त मला नाही. रफीकने सांगितलं की स्टुडिओत तू चपला काढून लाकडी जमिनीवर अनवाणी बसला होतास, पीटरचा बेस पायांना लागावा म्हणून. गिटारच्या वरच्या सुरांना तू नको म्हणालास, झांजा तर उचलून भिंतीशी ठेवल्यास. रफीक भांडला. झांजेशिवाय तबकडी कोण घेईल, लोक काय म्हणतील. तू म्हणालास, जे मला आयकू येत न्हाय ते मी वाजवनार न्हाय. हात सवयीने वाजवतील, पन ते खोटं.

म्हणजे झांज तू आळसाने सोडली नव्हतीस. आणि ज्या माणसाने खोटं वाजवायला नकार दिला त्याला मी चारचौघांत खोटं ठरवलं.

आता माझा राग सांगतो, कारण तो पण आहे. मला न सांगून तू चूक केलीस. मी तुझे कान तपासले असते, हो, तपासले असते. ते खोकं तुझ्या डोक्यामागून उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं असतं. लूमने तुझे कान किती खाल्ले आणि माझ्या त्या अँप्लिफायरने किती, हे आता कोणता डॉक्टर मला सांगणार? तू अजून वाढव म्हणायचास आणि मी वाढवायचो. तुला जर एक वर्ष आधी कळलं होतं, तर एक वर्ष तू मला ते बटण फिरवू दिलंस. कशासाठी? माझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघायचा होता म्हणून? असं असेल तर, वसंता, तो मला नको होता. मला तू हवा होतास, अर्धा बहिरा, पूर्ण बहिरा, कसाही. रस्त्यात तुझ्या पुढे मी चाललो असतो.

पण मग वाटतं, तुझं बरोबरही होतं. कळलं असतं तर मी ती तबकडी एका बहिऱ्या माणसाची तबकडी म्हणून ऐकली असती आणि कौतुक करून मोकळा झालो असतो. तुला ते नको होतं. तुला माझा खरा अभिप्राय हवा होता, आणि तो तुला मिळाला. एवढ्यासाठीच तू 'बरं' म्हणालास का? या प्रश्नाशी मी रोज येऊन थांबतो आणि पुढे जाता येत नाही.

या दहा-बारा दिवसांत 'खाडी' मी रोज ऐकली. दुकानाचं दार ओढून, स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून. आता जे सांगतो ते दयेने सांगत नाही. मेलेल्या माणसापुढे खोटं बोलणं फार सोपं असतं, आणि तू मला तेवढं स्वस्तात सुटू देणार नाहीस. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं मला अजूनही आवडत नाही. ते लांबलं आहे, पीटर तिथे चाचपडतो आहे, आणि तुला ते कळायला हवं होतं. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात शब्द ओढूनताणून आले आहेत. पण बाकीची गाणी, वसंता, ती मी तेव्हा ऐकलीच नव्हती. मी फक्त त्यांच्यात काय नाही ते ऐकलं होतं. मोठा ड्रम आणि बेस यांच्यामध्ये तू जी जागा सोडली आहेस तिच्यात भरतीचं पाणी चिखलात शिरावं तसं काहीतरी हळूहळू वर येतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा ते गळ्यापर्यंत आलेलं असतं. 'दुपारची शिफ्ट' ऐकली की नाचावंसं वाटायचं. 'खाडी' ऐकल्यावर मला त्या दिवशी दुकान उघडावंसंच वाटलं नाही. या दोन्हींत मोठी कुठली असं तू विचारलंस तर मी आजही भांडेन. पण ती राख नाही. मी ते शब्द परत घेतो.

तुझ्यामुळे माझं काय झालं तेही सांगायला हवं होतं, ते कधी सांगितलं नाही. तू यायच्या आधी मी फक्त खरखर शोधायचो. सेट नीट वाजला की माझं काम संपलं, पुढे त्यावर काय वाजतंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. तू मला त्या वाजण्यापाशी बसवलंस. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर दुकान बंद ठेवलं होतं, तेव्हा तू रोज शिफ्टला जाताना घरी यायचास, त्यांच्या पलंगाच्या कडेवर दोन बोटांनी काहीतरी वाजवायचास आणि ते हसायचे. त्यांच्यापाशी तू कोणता ताल वाजवायचास ते विचारायचं राहून गेलं.

काल शुक्रवार होता. बॅटरीवर चालणारा प्लेयर आणि तुझी तबकडी घेऊन मी पूर्ण्याला गेलो. तुमच्या घरी प्लेयर नाही, वहिनींनी तुझी एकही तबकडी कधी ऐकली नाही, हे मला दहाव्यालाच कळलं होतं. तू त्यांना म्हणायचास, एकदा घरी मशीन आणू मग आयकू. ओटीवर तुझी आई तांदूळ निवडत होती. वहिनींनी हात पुसले, मुलीला मांडीवर घेतलं आणि बसल्या. मी पहिली बाजू लावली. तिसऱ्या गाण्याला मी अस्वस्थ झालो, पण वहिनींना त्यात काही खटकलं नसावं. तुझी आई सूप खाली ठेवून ऐकत होती. बाजू संपली, पिन वर उचलली गेली.

वहिनींनी मला विचारलं, "भावजी, चांगलं वाजवलंय का त्यांनी? मला त्यातलं कळत न्हाय. तुमाला कळतं."

चार महिन्यांपूर्वी याच प्रश्नाला माझ्याकडे किती सोपं उत्तर होतं. मी चांगलं म्हणणार होतो, तुझ्या बायकोपुढे दुसरं काय म्हणायचं. पण तुझी ती माझ्या ओठांकडे बघणारी नजर समोर आली. मी त्यांना तिसऱ्या गाण्याबद्दल सांगितलं. बाकीच्यांबद्दलही, जे वर लिहिलं तेच, जमेल तसं. आणि म्हणालो, "वहिनी, त्याला ऐकू येत नव्हतं ते त्याने वाजवलं नाही. जे येत होतं त्यातलं काही सोडलं नाही."

त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "अजून एक बाजू हाय न्हवं? लावा."

मी तबकडी उलटी केली.